चौथा मजला

“ऊन अडतंय,” नाथाजींनी पुन्हा तेच सांगितलं.

नगरपालिकेच्या साहेबांनी नकाशा फिरवून पाहिला. विट्यातली अरुंद गल्ली. एका बाजूला नाथाजींचं घर, समोर चंद्राबाईंचं. ते पाडून तिथं चार मजले उठणार होते.

“आवं, तुमी फौजेत बर्फात राह्यला,” बिल्डर दस्तगीर म्हणाला. “आन् आता उन्हापायी भांडताय?”

“म्हणूनच भांडतोय.”

खरं कारण नाथाजींना कुणाला सांगता येत नव्हतं. बायको गेल्यापासून त्यांची सकाळ समोरच्या दारात उजाडायची. चंद्राबाई सूप घेऊन उंबऱ्याशी बसायच्या, नाथाजी आपल्या कट्ट्यावर. “झाला का च्या?” त्या विचारायच्या. “झाला,” ते म्हणायचे. दोघंही एकटे, दोघांचीही साठी उलटलेली. गल्लीच्या देखत याहून जास्त काय बोलणार?

घर पडलं की तेही संपणार होतं. चंद्राबाईंचा मुलगा जयराज कोइमतूरला सोनं गाळायच्या धंद्यात; त्यानंच घर दस्तगीरला बांधायला दिलं होतं. हरकत टिकली तर तो कंटाळून बांधकामाचा नाद सोडेल, एवढीच नाथाजींना आशा.

निकालाच्या आधी एका सकाळी चंद्राबाई गल्ली ओलांडून आल्या. पहिल्यांदाच.

“हरकत घेतलीया म्हनं तुमी?”

“व्हय. ऊन अडतंय.”

त्या कट्ट्यापाशी घुटमळल्या. काहीतरी ओठांवर आलं होतं.

“लय अडतंय का?”

“लय.”

“मग न्हाई काय म्हननं,” असं म्हणून त्या पदर सावरत परत गेल्या.

निकाल लागला. गल्ली अरुंद म्हणून चौथा मजला रद्द, खालच्या तिन्हींना परवानगी. लोकांनी नाथाजींचं अभिनंदन केलं. त्यांना मात्र घर पडणार याचंच वाईट वाटत होतं. तरी त्यांनी मनाची समजूत घातली. नव्या इमारतीत चंद्राबाईंना कुठंतरी जागा मिळेलच, येता-जाता तरी दिसतील.

पुढच्याच आठवड्यात समोर जयराजची गाडी लागली. तो बोचकी चढवत होता.

“आईला कोइमतूरला न्हेतोय, काका,” तो म्हणाला. “चौथ्यावरच आमचा फ्लॅट हुता. खालचे सगळे फ्लॅट आधीच इकले गेलेत.”

नाथाजी तसेच अनवाणी गाडीपाशी गेले. चंद्राबाई आत बसल्या होत्या.

“मला ठावं नव्हतं,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

“पोरगा कवापासनं तिकडं चल म्हनत हुता,” गाडीची काच खाली करत चंद्राबाई हळूच म्हणाल्या. “मीच हटून बसले हुते. ऱ्हाईन तर हितंच, म्हनलं, आन् ग्यालरी रस्त्याकडंचीच पायजे. तितनं तुमचा कट्टा दिसला असता.”