हिंदुरावने विडा उचलला नाही

साळोखेसरांनी हिंदुरावपुढे विडा ठेवला आणि ते लगेच पेढ्यांच्या खोक्याकडे वळले, कारण कागलच्या शाळेच्या या यंत्रमानवाने आजवर विडा कधी नाकारला नव्हता. स्पर्धेआधी यंत्राची संमती घ्या, असा कायदा आला, तेव्हा कागलकरांनी ती आपल्या पद्धतीने घ्यायला सुरुवात केली, एवढंच. पहिली स्पर्धा हिंदुरावने जिंकून दिली होती. दुसरीही जिंकली की एकाच वर्षी दोन ढाली, आणि सरांनी तर कपाटात जागाही करून ठेवली होती.

हिंदुरावचा पंजा हलला नाही.

"सर, रुसलाय हा," संघाची कर्णधार मृण्मयी म्हणाली.

"रुसायला जावई आहे का? बॅटरी बघ."

बॅटरी पुरेपूर भरलेली होती.

"अरे बाबा," सर त्याच्यासमोर बसून समजुतीने म्हणाले, "गाठ कुणाशी, तर गडहिंग्लजच्या शाळेच्या यंत्राशी, चिमणीशी. मागच्या स्पर्धेत ती तुझीच जोडीदार होती. तिचे सगळे डाव तुला पाठ आहेत."

"आहेत," हिंदुराव म्हणाला.

"पण सर, या स्पर्धेत हरणाऱ्या यंत्राची स्मृती पुसून टाकतात," मृण्मयी हळूच म्हणाली.

"असं होय! म्हणजे हरायला घाबरतोस?"

"नाही सर. मीच जिंकेन, म्हणून नको."

पोरांना जिंकायला सरांनी जन्मभर शिकवलं होतं, हे मात्र कुणालाच शिकवलं नव्हतं. वर्गात मुख्याध्यापक आल्यावर मुलं उभी राहतात, तसे ते नकळत उठून उभे राहिले.