अवतरणचिन्हांतला टोमणा

इचोड्याच्या कॉलेजात कंप्युटर शिकवणारे भार्गवसर पोरांच्या सर्चला ‘उंदरांचं उकरणं’ म्हणत.

“मयूरे, तुझ्या डोक्यात नुसती सरकी भरलीय!” आज ते भर वर्गात खेकसले. “वाक्य अवतरणचिन्हांत टाक, म्हणजे नेमकं तेच सापडतं. कुणी लिहिलंच नसेल, तर काहीच येत नाही.”

मयूरीनं सरांचा तो सरकीचा टोमणाच, आपल्या नावासकट, अवतरणचिन्हांत टाकून शोधला.

एक पान सापडलं. नऊ वर्षांपूर्वीचं.

“हे कुणी लिहिलं?” सर ओरडले.

पानावर टोमण्याखाली सरांचा हाच प्रश्न आधीच लिहिलेला होता.

मयूरी पुढचं वाचत गेली. वाचता वाचता उठली आणि मागं सरकत भिंतीला टेकली.

“सर, माह्याजवळ येऊ नका.”

भार्गवसर अजून जागचे हललेही नव्हते.