उसनं रडणं

दूध काढायचा पंप घरघरत होता आणि बाटली कोरडी होती. तळाशी दोन थेंब जमले होते, तेही एकमेकांपासून फटकून.

सिस्टर दारातून डोकावल्या. “तुझ्या लेकीची नळी काढतायत आता. स्वतःहून श्वास घेतला तर आज दूध लागेल. निघेल तेवढं आण.”

तिने मान हलवली. पण दूध काही कुणाच्या हुकमाचं ताबेदार नसतं. भिंतीपलीकडच्या खोलीत काचेच्या दोनच पेट्या होत्या आणि त्यातल्या एकीत तिची लेक होती. जन्मल्यापासून घशात नळी, त्यामुळे ती रडायची ते नुसतं तोंड वाकडं करून. आईने लेकीचा आवाज अजून ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या पेटीतला मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईचा. जाडजूड, बोलघेवडी बाई. पंप लावला की ती मोबाइलवर लेकाचं रडणं लावायची. “हे कानावर पडलं की पान्हा फुटतो बघ,” म्हणायची. “बापावर गेलाय मेला. पानात पडायच्या आधीच बोंब!”

पान्हा हिलाही फुटायचा. परक्याच्या पोराच्या रडण्याने. त्याची हिला इतकी लाज वाटे, की नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आज ती बाई आली ती निरोप घ्यायला. पोर खांद्यावर झोपलेलं.

“सुटलो गं बाई. तुम्हीही सुटाल. धीर सोडू नकोस.”

“ताई, एक मागू?”

“माग की.”

“मोबाइलमधलं ते रडणं... मला पाठवता?”

बाई हसली. मग तिची नजर कोरड्या बाटलीवर गेली आणि हसू जागच्या जागी राहिलं.

“अगं, इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुमच्या बाळाचं ना ते. कसं मागायचं?”

“घे. त्याच्याकडे भरपूर आहे.” बाईने तिथल्या तिथे पाठवलं, हिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसत निघून गेली.

हिने दार लावून घेतलं. मोबाइल मांडीवर ठेवला. पोरगा जीव खाऊन कोकलायला लागला. हिने डोळे मिटले, लेकीचं वाकडं झालेलं तोंड आठवलं आणि त्या तोंडात हा आवाज बसवून पाहिला. आधी जमेना. मग जमलं. छाती दाटून आली आणि बाटलीत बारीक धार पडू लागली.

थोड्या वेळाने रडण्याच्या मधे मधे काहीतरी खरखरू लागलं. घोगरं, बारीक, तुटक. पाठवताना बिघडलं असेल, असं हिला वाटलं. एवढा एक आधार, तोही धड नाही. तिने मोबाइल कानाशी नेला. हलवून पाहिला. शेवटी बंद केला.

खरखर चालूच होती.

पंपाची असेल म्हणून तिने पंपही बंद केला. धार थांबेना. खरखरही थांबेना.

भिंतीपलीकडे आता एकच पेटी उरली होती.