बुद्धी स्वाधीन

"हिची बुद्धी स्वाधीन नाहीं, डॉक्टर," सेतुमाधवराव म्हणाले. "पोटच्या पोराला मेला म्हणती."

डॉक्टर सावनी मूळची सातारची. मराठी बोलणारी म्हणून मैलापूरच्या या तंजावरी घरानं तिला मुद्दाम बोलावलं होतं. माणूस ठिकाणावर असण्याला हे लोक बुद्धी स्वाधीन असणं म्हणतात, हे तिला फार आवडलं. मोठा नेटका शब्द.

"मुलगा कुठं आहे?" तिनं विचारलं.

"इथंच की. जेवताहेत," सून लावण्या म्हणाली.

जमिनीवर केळीची दोन पानं होती. एक सेतुमाधवरावांचं. दुसऱ्यावर वाफाळता भात, सांबार, आणि पुढ्यात कुणीच नाही. लावण्या तिथं वाकून तूप वाढत होती. सावनीच्या अंगावर सरसरून काटा आला.

सासूबाई, चंद्रिकाबाई, भिंतीला टेकून उभ्या होत्या. पायाशी कपड्यांची भरलेली पिशवी. "सुधींद्र गेला," त्या हळूच म्हणाल्या. "वर्ष झालं."

"ऐकलंत?" सेतुमाधवरावांनी जेवण संपवून आपलं पान स्वतःकडे मिटलं. "जेवलेला माणूस पान असं मिटतो. ही रोज त्याचं पान पलीकडं मिटती, श्राद्धाला मिटतात तसं. आज नीट मिटली तर राहील. नाहींतर संध्याकाळी वृद्धाश्रमात."

"त्या ठीक आहेत," सावनी म्हणाली. "उपचार तुम्हा दोघांना हवेत."

"तो घरांत अस्क्यांस, सगळ्यांस दिसतो. हिलाच दिसत नाहीं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "मग बुद्धी कुणाची गेली?"

ते शांतपणे बोलत होते, त्याचीच सावनीला जास्त भीती वाटली.

चंद्रिकाबाईंनी पिशवीकडे पाहिलं. मग त्या पुढे झाल्या, पानाची पलीकडची कड उचलली आणि भातासकट त्या रिकाम्या जागेकडे मिटली.

सेतुमाधवरावांचे डोळे भरून आले. "आली. बुद्धी स्वाधीन आली."

"उठा, हात धुवा," लावण्या मोकळ्या जागेला म्हणाली, आणि तांब्या घेऊन मोरीकडे निघाली.

सावनीनं पर्स उचलली. इथून कधी एकदा बाहेर पडते असं तिला झालं होतं. बोळकंडीत लावण्या तिच्या बाजूनं निघून गेली. सावनी भिंतीला चिकटून, ओढणी आवरून, आणखी क्षणभर तशीच थांबली.

चंद्रिकाबाई तिच्याकडेच बघत होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"डॉक्टर," त्या कुजबुजल्या, "आतां तुम्ही कुणाला वाट दिलीत?"