आधी कोणाला सोडायचं

पालिकेने आणि कॉलेजांनी मिळून ठरवलं, की भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना अंधार पडल्यावर पिवळ्या जाकिटातला रक्षक दारापर्यंत सोडणार. योजना उत्तमच होती, फक्त एका विद्यार्थ्याची पंचाईत झाली; मैत्रिणीला सोडायचं काम आजवर त्याच्याकडे होतं. आता ती जाकिटाच्या विनोदांवर हसत पुढे आणि हा जळफळत खांबांआडून मागे. एकदा जाकिटाने वळून बॅटरी मारली. “कोण रे, मुलींच्या मागे लागतोस?” “नाही दादा, मीपण विद्यार्थी. एकट्याला भीती वाटते,” तो बोलून गेला. “मग लपतोस कशाला? चल सोबत.” त्याला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात ती जाकिटाला म्हणाली, “ऐक ना, हा फारच घाबरलाय. आधी यालाच सोडू.” त्याच्या दारात जाकीट म्हणालं, “आतून कडी लाव, बाळा. आम्ही लांबच्या रस्त्याने जातो.” घरमालकीण काकू कौतुकाने म्हणाल्या, “किती काळजी घेतात रे तुझी.”