वाट्याचं पाणी

दिवसभरात पाणी किती पिता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा क्रेनवाल्याला बरंच वाटलं. हा त्याच्या अभिमानाचा विषय होता.

बंदरावरच्या क्रेनमध्ये त्याची उभी हयात गेली होती. सकाळी शिडी चढायची, ती जेवणाच्या सुट्टीलाच उतरायची. मधे लघवीची सोय नाही. म्हणून त्यानं तहानेलाच वळण लावलं होतं. नवी पोरं सारखी खाली-वर करायची. हा घोटभर चहावर अर्धा दिवस काढायचा. खालचे हमाल त्याला ‘उंट’ म्हणायचे. आता निवृत्त झाला तरी सवय काही सुटली नव्हती. हे सगळं त्यानं रंगवून सांगितलं. शेजारी बसलेली त्याची थोरली बहीण, ताई, हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

त्यांनी शांतपणे समजावलं. शरीराला पाणी कमी पडलं की मेंदूकडून एक हार्मोन सुटतो. तो मूत्रपिंडांना बजावतो, पाणी जाऊ देऊ नका, धरून ठेवा. तो हार्मोन मोजणं अवघड, म्हणून त्याच्याच जोडीनं सुटणारा प्रथिनाचा एक तुकडा रक्तात मोजतात. क्रेनवाल्याच्या रक्तात तो बराच जास्त निघाला होता. ज्यांच्या मूत्रपिंडात त्याच्यासारख्या, वडिलांकडून आलेल्या पाण्याच्या गाठी असतात, त्यांच्यात तो असा जास्त असला तर आजार भरभर पुढे सरकताना दिसतो.

“पाण्यानं आजार थांबतोच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्या हार्मोनला जरा उसंत मिळेल. तहान लागायची वाट बघू नका. पीत राहा.”

क्रेनवाल्यानं ताईच्या हाताकडे पाहिलं. डायलिसिसच्या मशीनच्या सुया टोचून टोचून तिच्या कोपराजवळची शीर दोरखंडासारखी फुगली होती. वडिलांच्या त्याच गाठी तिच्याही वाट्याला आल्या होत्या. आणि तिला दिवसभराचं पाणी एका लहानशा बाटलीत मोजून मिळत होतं.

“हिला पाणी बंद आणि मला पीत राहा?” त्यानं विचारलं. “आजार तर एकच ना?”

“एकच. पण त्यांची मूत्रपिंडं आता पाणी बाहेर टाकत नाहीत. तुमची अजून टाकतायत.”

बाहेर आल्यावर ताई त्याला दवाखान्याच्या कँटीनमध्ये घेऊन गेली. कोपऱ्यातल्या टेबलाशी त्याला बसवून तीच काउंटरवर गेली, आणि गार पाण्याची बाटली नि काचेचा ग्लास घेऊन आली. ग्लास काठोकाठ भरून तिनं त्याच्यापुढे सरकवला.

तहान नाही, असं तो म्हणाला.

“तुला कधी असते?” ताई म्हणाली.

तेवढ्यावरून शाळेतल्या नळांच्या आठवणी निघाल्या. मधल्या सुट्टीत तिथे नुसती ढकलाढकली. हा बारका, मागेच राहायचा. मग ताई कोपरांनी वाट काढत पुढे जायची आणि नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरायची. पाण्याची चिळकांडी उंच उडायची, आणि हा मान वर करून, तोंडाचा आ करून खाली उभा. पाणी नाकात जायचं, सदरा भिजायचा, मागची पोरं ओरडायची. पण याचं पोट भरेपर्यंत ताईचा अंगठा हलायचा नाही. त्या पाण्याला गंजाची चव होती, असं ताई म्हणाली. आणि उन्हातल्या पाइपाची, असं तो म्हणाला. दोघंही थोडा वेळ तिथेच रमली.

मग त्याच्या एकदम मनात आलं, ते त्यानं विचारलं. “तू कधी प्यायचीस गं?”

“घंटा झाल्यावर. तेव्हा नळ मोकळेच असायचे.”

त्यानं ग्लास बाजूला सारला. घरी जाऊन पिईन, म्हणाला. तिच्यापुढे बसून पाणी पिणं काही त्याला जमणार नव्हतं.

ताईनं ग्लास परत त्याच्यापुढे आणला. मग म्हणाली, “सगळे असंच करतात. सून स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन पिते. नातू बाटली घेऊन गच्चीत पळतो. पाहुणे आले तर त्यांना पाणी विचारायचीसुद्धा चोरी. माझ्यासाठीच करतात, कळतं मला. पण अरे, कुणाला पोटभर पाणी पिताना बघून मला किती दिवस झाले.”

शेजारच्या टेबलावरची माणसं उठून गेली. ग्लासाच्या बाहेरून ओघळ उतरून टेबलावर गोल उमटला होता. क्रेनवाल्यानं ग्लास उचलला. पहिला घोट त्यानं ताईकडे बघतच घेतला. मग सवय नसलेल्या माणसासारखा, डोळे मिटून, तो घटाघटा पिऊ लागला.

त्यानं डोळे उघडले तेव्हा ताई हनुवटी हातावर टेकवून त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. त्याच्या घोटाबरोबर तिचाही गळा हलत होता.

“हळू पी,” ती म्हणाली. “इतक्यात संपवू नकोस.”