निळा सोडून कुठलाही

लेकीने फोन टेबलावर ठेवला आणि बोटांनी नकाशा मोठा केला. शहरभर निळे ठिपके पसरले होते. "हे चौदाच्या चौदा आईंनी सांगितलेत," ती म्हणाली, आणि तिच्या आईच्या पोटात दुखायला लागलं. कारण 'आईंनी' म्हणजे तिने नव्हे, समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसलेल्या विहीणबाईंनी.

लेक एक ॲप बनवत होती. बाहेर पडलेल्या बाईला लागली, तर जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे, उघडं आहे का, दाराला कडी आणि आत पाणी आहे का, ते फोनवर कळायचं. सोमवारी ते सगळ्यांसाठी खुलं होणार होतं. कल्पना कशी सुचली, हे ती येईल त्याला सांगायची. "आईंबरोबर बाजारात गेलं की दर अर्ध्या तासाला शोधाशोध. म्हटलं, यांच्यासाठी काहीतरी केलंच पाहिजे."

यांच्यासाठी! शाळांचे गणवेश शिवशिवून पोरीला शिकवली कुणी, आणि तिची विद्या आली कुणाच्या कामी? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं आईच्या मनात आलं. तिला त्याची लाजही वाटली नाही.

"मी बाई स्पष्ट सांगते," विहीणबाई म्हणाल्या. "लागली की लागली. हिला म्हटलं, पिशवी टांगायला खुंटी आहे का तेही लिही. नाहीतर काय दातात धरायची?"

लेक खळखळून हसली. आपल्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती, ते आईला काही केल्या आठवेना.

"तुमच्या मात्र हे काही कामाचं नाही हो," विहीणबाई तिच्याकडे वळल्या. "तुम्हाला म्हणे बाहेर लागतच नाही."

"पहिल्यापासून तसंच आहे तिचं," लेक कौतुकाने म्हणाली. "सकाळी निघाली की संध्याकाळी घरी येईपर्यंत नाव नाही."

हे आईनेच तिला वर्षानुवर्षं सांगितलं होतं. असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात, हेही तिनेच शिकवलं होतं. पण आज तिला राहवेना.

"तो बसथांब्यामागचा ठिपका बघ," ती म्हणाली. "दिवसभर उघडं लिहिलंयस. दुपारी दोन ते चार कुलूप असतं. किल्ली शेजारच्या सायकलवाल्याकडे मागावी लागते."

"तुला काय माहीत?"

"आहे माहीत. आणि लायब्ररीमागचं कुठे दाखवलंयस? कडी तुटलीय, एका हाताने दार ओढून धरायचं."

"थांब, थांब. तुझा रंग वेगळा घेते. कुठला देऊ?"

"कुठलाही. निळा सोडून."

नारिंगी ठिपका उमटला, मग दुसरा, आणि आईला चेव चढला. दवाखान्याच्या तळमजल्यावरचं, रखवालदाराने हटकलं तर पेशंटला भेटायचंय म्हणावं. कापडाच्या गोदामामागचं, दिवा नाही, पण पाणी बारा महिने. मागच्याच आठवड्यात ती तिथे जाऊन आली होती. ती बोलत गेली, लेक टिपत गेली.

"अगं बाई!" विहीणबाईंनी गालावर हात ठेवला. "तुम्ही तर मला पार मागे टाकलंत."

आईला एवढं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. ती खुर्ची पुढे ओढून लेकीला खेटून बसली.

"आता बागेच्या कोपऱ्यावरचं लिही. सात पायऱ्या आहेत खाली. तू पोटात होतीस तेव्हा भिंत धरून उतरायचे. पुढे तुला वर दाराशी उभी करायचे आणि पाढे म्हणायला लावायचे."

लेकीची बोटं थांबली.

"तिथे तू गणवेश द्यायला जायचीस ना?"

"म्हणायचे तसं."

"सतराचा पाढा," लेक हळूच म्हणाली. "मोठ्याने म्हण म्हणायचीस. मला वाटायचं, आतल्या दुकानदाराला ऐकवायचंय."

"कसला दुकानदार! मलाच ऐकू यायला हवा होता. दोन मिनिटांत कुणी उचलून नेलं असतं तुला, तर काय केलं असतं मी? आवाज जरा थांबला तरी तशीच उठून धावायचे."

विहीणबाईंनी मान खाली घातली. लेक आता फोनकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती. आईला वाटलं, कंटाळली.

"लिही ना," ती घाईघाईने म्हणाली. "माझे अजून संपले नाहीत."